तिसरीचं कापड

"आमटीत म्हातारी पडली," दादा म्हणाले आणि त्यांनी वाटी पुढं सरकवली.

आमटीवर रुईच्या कापसाचा एक झुपका तरंगत होता. माईनं तो चिमटीनं उचलला, तोवर दुसरा येऊन भातावर बसला. तिसरा दादांच्या मिशीत अडकला होता, पण ते सांगायची आम्हा दोघींची छाती नव्हती.

"कुंदे, हे घर आहे का पिंजाऱ्याचं दुकान?"

"पिंजाऱ्याचा कापूस टाकला तिथं बसतो तरी. हा बसत नाही, हीच तर रड आहे."

माईनं तोंडाला पदर लावला. दादा हसले नाहीत. ते पानावरून उठले, हात धुतले आणि मिशीतल्या म्हातारीसकट दुकानात निघून गेले.

रुईचं बोंड उन्हाळ्यात तडकतं. आतल्या प्रत्येक बीला रेशमासारखा पांढरा झुपका असतो. पोरं त्याला म्हातारी म्हणतात आणि फुंकर मारून उडवतात. मला त्या म्हातारीचं कापड विणायचं होतं.

मी तेव्हा सोलापूरला वस्त्रकलेच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या बाईंनी सुट्टीत घरी करायला काम दिलं होतं. बाजारात ज्याचा धागा मिळत नाही अशा कशाचाही धागा काढायचा आणि त्याचं वीतभर का होईना, कापड विणून आणायचं. शहाण्या मुलींनी केळीचं सोपट घेतलं, कुणी घायपात घेतला. मी भर वर्गात उठून "रुई" म्हणाले. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "रुई कुणाच्या हाती लागत नाही. बघ बाई." झालं! आता मला रुईशिवाय दुसरं काही नकोच होतं. माझा स्वभाव तेव्हाही असाच होता.

कापड झालं नाही तर पदविका नाही, आणि पदविका नाही तर पुढं काय, ते दादांनी सांगून ठेवलं होतं. भूमचं एक स्थळ आलेलं होतं, ते उरकून टाकायचं. भूमचं स्थळ मी पाहिलं होतं. ते दर वाक्य बोलून झालं की स्वतःच हसायचं.

म्हणून मी सकाळपासून टकळी घेऊन बसायची. रुईचा तंतू दिसायला रेशीम, पण आखूड आणि गुळगुळीत. पीळ म्हणून धरत नाही. टकळीला गिरकी दिली की धागा वीतभर येतो न येतो तोच तुटायचा, टकळी खाली पडायची आणि कापूस वाऱ्यावर. दारं लावली तर बार्शीच्या मे महिन्यात जीव उकडून जायचा, उघडली तर घरभर म्हाताऱ्या. मी तो कापूस भाताच्या पेजेत भिजवून पाहिला, राखेच्या पाण्यात बुडवून पाहिला. डिंकाचं पाणी लावलं, तर त्याला मुंग्या लागल्या. मग मी उठायची, परसात चक्कर मारायची, परत येऊन टकळी धरायची, परत उठायची.

"पायाला भिंगरी बांधलीयास का गं?" माई म्हणायची.

परसातल्या चकरेत मी दर वेळी भिंतीकडेच्या रुईपाशी येऊन थांबायची. तिची हकिगत सांगायलाच हवी.

दादांची पहिली बायको बाळंतपणात गेली. दुसरी माझी आई. मी रांगत होते तेव्हा ती तापानं गेली. तिसऱ्या लग्नाला आमच्याकडं लोक बिचकतात, तिसरी टिकत नाही म्हणतात. त्यावर तोड म्हणून तिसरं लग्न रुईच्या झाडाशी लावायचं, म्हणजे मग खरी नवरी चौथी ठरते. दादांचं तसंच झालं. भिंतीकडेला आपोआप उगवलेल्या रुईला हळदकुंकू लावलं, सूत गुंडाळलं, समोर अंतरपाट धरला. मी तेव्हा नुकती शाळेत जायला लागले होते. त्या झाडावर मी स्वतः अक्षता टाकल्यात. मग चार दिवसांनी माई घरात आली.

लग्न लावून झालं की लोक त्या झाडाकडं ढुंकूनही बघत नाहीत. दादा मात्र रोज आंघोळ झाली की रुईला तांब्याभर पाणी घालायचे. रस्त्याकडेच्या रुया कंबरेएवढ्या, आमची दादांच्या डोक्यावर गेली होती. गोदाआत्या, म्हणजे दादांची बहीण, घरी आली की आधी परसात डोकवायची. "तिसरी बरी हाय न्हवं? मग चौथीला काय धाड भरलीय!" एवढं म्हणून ती चहाला बसायची.

माई त्या झाडाला सवत म्हणायची. "सवतीला पाणी घालून झालं का?" असं हसत विचारायची, पण हातातलं भांडं जरा जोरात ठेवायची.

त्यालाही कारण होतं. दादा पेठेतल्या एका मोठ्या दुकानात साड्या दाखवायला बसायचे. बार्शीतल्या बायका दुकानात शिरल्या की "हेंद्रेमामा कुठायत?" म्हणून विचारायच्या. दादा घडी उलगडायचे, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकायचे, मान जराशी कलती करायचे आणि म्हणायचे, "हा डाळिंबी बघा वहिनी, तुमच्या रंगाला उठून दिसेल." मिशीवाला माणूस साडीच्या पदरात बघून बायका हसायच्या, आणि साडी घ्यायच्या. गावाला साड्या नेसवणाऱ्या या माणसानं माईला मात्र लग्न झाल्यापासून स्वतःच्या हातानं एकही साडी आणली नव्हती. दिवाळीला ते आत्याला सांगायचे. आत्या शोधून शोधून विटका रंग आणायची.

"मी न्हाई आवडले त्यान्ला," माई एकदा माझ्या डोक्याला तेल लावताना म्हणाली होती. "चालायचंच. चौथीपतुर माणूस दमत असंल."

मला ते पटलं होतं, आणि दादांचा रागही आला होता. माईनं मला पोटच्या पोरीसारखं वाढवलं होतं.

त्या दिवशी दादा मिशीत म्हातारी घेऊन गेले, आणि माई माझ्याजवळ येऊन बसली. "ह्याला कशाचा तरी आधार पायजे बघ. येकटं न्हाई टिकायचं ते." तिनं कोनाड्यातून आपलं गुंतवळ काढलं. माईचे केस लांब आणि दाट. विंचरताना गळलेले ती बोटाला गुंडाळून कोनाड्यात ठेवायची, सुया-बिब्बे विकणारी आली की तिला द्यायला. ते केस आधाराला घेऊन मी त्यावर म्हातारी पिळली, आणि धागा आला! काळापांढरा, भुरकट, पण अखंड धागा. आम्ही दोघी पोरींसारख्या ओरडलो. मी तो दोन खिळ्यांना ताणून बांधला आणि येता-जाता त्याला टिचकी मारत राहिले.

दुसऱ्या दिवशी दादांनीही येता-येता टिचकी मारली. "हा कशाचा?"

"रुईचा. आतून माईचे केस आहेत, म्हणून तुटत नाही."

दादांचं बोट तिथंच राहिलं. "हिचे केस? रुईत?"

"हो. मस्त पीळ बसला ना?"

"काढ."

"दादा, किती मेहनतीनं—"

"काढ म्हणतो ना!"

मी हलायच्या आत त्यांनीच तो ओढला. धागा त्यांच्या बोटाला काचला तरी तुटला नाही. मग त्यांनी खिळाच उपटला आणि सगळं चुलीत घातलं. घरभर केस जळल्याचा वास सुटला. ते जेवले नाहीत. वहाणा घातल्या, काढल्या, परत घातल्या, आणि परसात जाऊन रुईपुढं उभे राहिले.

"किळस आली त्यान्ला," माई म्हणाली. तिनं केसांचा अंबाडा घट्ट बांधला आणि वर पदर घेतला. मला इतका राग आला होता की मी टकळी उचलून भिंतीवर फेकली.

संध्याकाळी मी स्टेशनच्या रस्त्याला बोंडं काढायला गेले. खरं तर मला घरात थांबवत नव्हतं. एका रुईचं बोंड उंचावर होतं म्हणून मी फांदी ओढली. फांदी मोडली, पण तिची साल काही तुटेना. मी ओढलं, पीळ दिला, शेवटी त्या सालीला लोंबकळले, तरी तुटेना. साल नखानं सोलली तर आतून पांढरे, चिवट तंतू निघाले. इतके दिवस मी म्हातारीच्या मागं धावत होते आणि झाडाकडं पाहिलंच नव्हतं!

पण रस्त्याकडेच्या रुया खुरटलेल्या. फांद्या वाकड्या आणि आखूड, बोटभर तंतू निघाला की गाठ लागायची. मला लांब, सरळ फांद्या हव्या होत्या. तशा एकाच ठिकाणी होत्या.

"दादा, आपल्या रुईच्या चार फांद्या घेते," मी घरी येऊन म्हणाले.

"नाही."

"परत फुटेल ती."

"नाही म्हणजे नाही. तिला हात लावलास तर तुझं कॉलेज त्याच दिवशी बंद."

माई भाकरी थापत होती. तिचा हात परातीत थांबला. "येवढा जीव हाय तिच्यावर," ती म्हणाली, कुणाकडंही न बघता.

 दादा दारापर्यंत गेले, परत आले, पाणी प्यायले, परत दाराकडं गेले. मला वाटलं, या माणसाला साधं 'नाही तसं' म्हणायला काय होतं!

दुसऱ्या दिवशी मी गिरणीतून दळण घेऊन आले तर माई परसात होती. पदर खोचलेला, हातात कोयता. रुई नव्हतीच. जमिनीलगत एक थोटूक उरलं होतं, त्यातून पांढरा चीक वाहत होता. फांद्यांचा ढीग माईच्या पायाशी पडला होता.

"माई! काय केलंस हे?"

"तुला फांद्या पायजे हुत्या ना? ह्या घे."

"चार हव्या होत्या गं! दादा मला जिवंत ठेवायचे नाहीत."

"तुला का म्हून? मी तोडली, मी सांगीन." तिला धाप लागली होती. "कापड कर हिचं. पायपुसणं केलंस तरी चालंल. इतकी वर्सं हिला वाढताना बघितलंय मी."

मी घाबरले होते, पण हात शिवशिवत होते हेही खरं. आम्ही तिथंच बसून साली सोलायला लागलो. हातहात लांब तंतू निघत होते, पांढरे, चकचकीत. माई बरेच दिवसांनी मोकळी हसत होती. ऊन मी म्हणत होतं. चिकानं आमचे हात बरबटले होते, तिचा पदरही. त्याच पदरानं ती कपाळाचा घाम पुसत होती, डोळे पुसत होती, आणि दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "कुंदे, धूर कशाचा झालाय गं?"

"कुठं?"

"समदीकडं. तू धुरात बसल्यावानी दिसतीयास."

मी तिच्याकडं पाहिलं. दोन्ही डोळे लालभडक. मी तिला ओढत रांजणापाशी नेलं, डोळ्यांवर पाणी मारलं, परत मारलं. धूर जाईना. तिला ओट्यावर बसवून मी तशीच अनवाणी पेठेत धावले.

दादांच्या खांद्यावर कुठल्याशा हिरव्या साडीचा पदर होता. "माईच्या डोळ्यांत रुईचा चीक गेलाय," मी म्हणाले. "तिला दिसत नाही."

दादा तसेच उठले आणि पदर खांद्यावर घेऊनच रस्त्यावर आले. मागून मालकांनी साडी ओढून घेतली म्हणून, नाहीतर ती घरापर्यंत आली असती. मी तरणी पोर, पण मला त्यांना गाठता येईना.

"वत्सला!" ते दारातूनच ओरडले.

क्षणभर मला कळलंच नाही, ते कुणाला हाक मारतायत. एवढ्या वर्षांत त्यांनी माईला 'अगं' आणि 'ऐकलं का' याखेरीज हाक मारली नव्हती. माईनंही लगेच ओ दिली नाही. मग म्हणाली, "हितं हाय मी."

तिला धरून उठवताना दादांची नजर परसात गेली. ते मटकन खाली बसले. मग उठले आणि त्यांनी माईला टांग्यात घातलं.

दवाखान्यात डॉक्टर पडद्याआड माईचे डोळे धूत होते. दादा व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. या टोकापासून त्या टोकाला, परत या टोकाला. माझ्यासमोर आले की थांबायचे, तोंड उघडायचे, आणि पुढं जायचे. शेवटी थांबले.

"तिसरी गेली," ते म्हणाले.

"दादा, झाड आहे ते."

"मीही स्वतःला तेच सांगायचो. झाड आहे. पण म्हटलं, पाणी घालायला आपलं काय जातंय? ती वेगळी उभी आहे तोवर हिच्यावर नजर जाणार नाही. म्हणून तर तो केसांचा धागा जाळला."

"कुणाची नजर?"

 "पहिलीला मी जांभळी साडी आणली होती. हौसेनं, पहिल्या पगाराची. वर्ष नाही गेलं तोवर ती गेली. तुझ्या आईला मोरपंखी आणली. दुकानात दाखवतो ना, तसा पदर खांद्यावर टाकून दाखवला होता तिला घरी. खूप हसली होती. मग त्याच साडीत तिला…" त्यांनी भिंतीला हात टेकला. "माझ्या हातानं काही आणलं की माणूस जातं, कुंदा. म्हणून हिला काही आणलं नाही. नावानं हाक मारली नाही. म्हटलं, ही माझी आहे हे कुणाला कळायलाच नको."

 इतकी वर्षं मी त्यांच्यावर चिडत होते, आणि हा माणूस घरात चोरपावलांनी संसार करत होता. आमच्यात आणि माईत एक पडदा होता फक्त. आतलं पाण्याचं भांडं खळखळायचं थांबलं होतं. माईनं सगळं ऐकलं होतं.

डॉक्टर बाहेर आले. बुबुळाला सूज आहे म्हणाले. पट्टी काही दिवस ठेवावी लागेल, दिसेल बहुतेक.

"बहुतेक म्हणजे?" दादांनी विचारलं.

"बहुतेक म्हणजे बहुतेक," डॉक्टर म्हणाले.

दादांनी दुकानात जाणं सोडलं, पण घरातही ते टिकेनात. माईच्या खाटेपाशी यायचे, पाणी द्यायचे, दारापर्यंत जाऊन परत यायचे. सकाळी तांब्या घेऊन परसात जायचे, आणि त्या थोटकाला पाणी घालून यायचे. माई पट्टी बांधलेलं तोंड त्यांच्या पावलांच्या दिशेनं फिरवायची.

"बसा की वाईच," ती म्हणायची. "तुमच्या फेऱ्यांनी मला घेरी येतीया."

दवाखान्यात काय ऐकलं, त्याबद्दल ती अवाक्षर बोलली नाही.

मी तिच्या उशाशी बसून काम करत होते. साली पाण्यात कुजवल्या, धोपटल्या, तंतू मांडीवर वळले. जुन्या पाटीची चौकट घेऊन तिच्यावर ताणा बांधला आणि दाभणानं विणायला लागले. हात थांबले की मला पट्टीखालचे डोळे दिसायचे, म्हणून मी हात थांबवत नव्हते. माई मधूनमधून बोटं फिरवून बघायची. "खरखरीत हाय गं. जातच तसली तिची."

तुकडा तयार झाला. पाटीएवढा, पिवळट पांढरा, एका कडेला वाकडा. बाईंनी पुढं त्याच्यावर 'अंगाला लागणारं नाही, पण कापड आहे' असा शेरा मारून मला पास केलं, आणि भूमचं स्थळ दुसऱ्या कुणाच्या घरी जाऊन हसलं. पण त्या दुपारी मी तो चौकटीतून सोडवला आणि मला आनंदच होईना. घेऊन नुसती उभी राहिले.

दादा फेरी मारता मारता थांबले. त्यांनी तुकडा माझ्या हातातून घेतला.

"हीच का ती?"

"हीच," माई खाटेवरून म्हणाली. "मीच तोडली तिला. कुंदीला बोलू नका."

दादांनी तुकडा उजेडात धरला. बोटांत चोळला, दोन्ही हातांनी खसकन ओढून पाहिला, दुकानात ठाणाचा कस बघतात तसा. "चिवट आहे," ते म्हणाले. तुकडा मला परत दिला आणि परसात गेले. बराच वेळ त्यांची चाहूल लागेना. मग दारात आले.

"फुटलीय," ते म्हणाले.

"कोण?"

"ती. थोटकाला दोन्ही बाजूंनी कोंब आलेत."

"फुटंल न्हाईतर काय," माई म्हणाली. "रुई हाय ती. मरती व्हय अशी?" तिनं पट्टी बांधलेलं तोंड दाराकडं फिरवलं. "आन् मी बी हितंच हाय."

दादा दारात उभेच होते. मग त्यांनी वहाणा घातल्या. मला वाटलं, परत काढतील. पण ते निघून गेले.

परत आले तेव्हा त्यांच्या हातात कागदाचं पुडकं होतं. ते त्यांनी माईच्या मांडीवर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरून उभे राहिले. माईनं चाचपत दोरा सोडला. इतके दिवस रुईवर फिरवत होती तशी बोटं तिनं त्या घडीवर फिरवली.

"सुती हाय. मऊ हाय. वन्सं आल्यात व्हय?"

"नाही."

"मग कुणी आणली?"

 दादांनी मिशीवरून हात फिरवला.

"मी," ते म्हणाले.

माईचे हात घडीवर तसेच राहिले. "रंग कंचा?"

दिवसभर रंगांची नावं घेणारा माणूस, पण त्यांना शब्द सापडेना. "डाळिंबी," शेवटी म्हणाले. "तुझ्या… तुझ्या रंगाला उठून दिसेल."

पट्टी खालून ओली व्हायला लागली. "माई, रडू नकोस, डॉक्टरांनी सांगितलंय," मी म्हणाले, आणि मीच रडत होते. पुढं पट्टी सुटल्यावर तिनं आधी साडीकडं पाहिलं आणि मग दादांकडं. त्यांच्या माघारीही ती पुष्कळ वर्षं राहिली. पण ते सगळं नंतरचं. तेव्हा आम्हाला कुणालाच काही ठाऊक नव्हतं, दादांना तर नाहीच.

त्यांनी घडी उलगडली. सवयीनं पदर स्वतःच्या खांद्याकडं नेला. मग थांबले. पुढं झाले आणि त्यांनी तो माईच्या खांद्यावर टाकला. पदर घसरला, तो त्यांनी परत टाकला.

"सरळ करा जरा," माई म्हणाली. "एका अंगानं ओढतोय."